रिबेकाचं माहेर

आज अमेरिकेत केंटकी राज्यातल्या फ्रँकफर्टच्या दफनभूमीत गेले होते. नदीच्या वर, उंच कड्यावर डॅनियल बूनचं, अठराव्या शतकातल्या प्रसिद्ध शिकारी-वाटाड्याचं, स्मारक आहे. सगळे त्याच्यासाठी येतात, मी त्याच्या बायकोसाठी गेले. गेले काही दिवस रिबेका ब्रायन बूनचा वंशवृक्ष जुळवतेय.

जन्म 1739 चा. आजोबा मॉर्गन ब्रायन, वडील जोसेफ ब्रायन, इथपर्यंत नीट लागतं. आईपाशी आलं की धागाच तुटतो. वेगवेगळ्या वंशावळींत वेगवेगळी नावं, आणि पक्का कागद एकाचाही नाही. सतराव्या वर्षी, 1756 मध्ये, लग्न झालं. दहा बाळंतपणं, शिवाय पोरकी पुतणी-भाचरंही सांभाळली. एक मुलगा, जेम्स, 1773 मध्ये मारला गेला, दुसरा, इस्रायल, 1782 मध्ये ब्लू लिक्सच्या लढाईत. नवरा महिनोन्‌महिने जंगलात शिकारीला. तिच्या हातची एक ओळ मागे नाही.

जे कळतं ते बरंचसं लायमन ड्रेपर या इतिहासकारामुळे. 1851 मध्ये त्याने तिच्या धाकट्या मुलाला, नेथनला, आणि सुनेला गाठून आठवणी टिपून घेतल्या. सून बोलली म्हणून सासू थोडी तरी उरली! हे मला फार मोलाचं वाटतं.

ती वारली मिसुरीत, 1813 साली. दोघांचे अवशेष 1845 मध्ये इकडे आणले. स्मारकाच्या एका बाजूला ती गाईची धार काढताना कोरली आहे. त्या दगडावर हात ठेवून बराच वेळ उभी होते. परत गाडीत बसल्यावर आईला फोन लावला आणि पणजीचं माहेरचं नाव विचारलं. ती म्हणाली, मामाला विचारून सांगते.