तक्त्यावर नसलेली माणसे

"मॅडम, घड कापणारे कुठे चिकटवायचे?" रावेर तालुक्यातील एका शाळेत आज पहिलीच्या वर्गात 'आपले मदतनीस' हा तक्ता तयार होत असताना एका मुलीने हा प्रश्न विचारला.

डॉक्टर, पोलीस, पोस्टमन, अग्निशामक दलाचा जवान अशी छापील चित्रे मुलांच्या हाती होती. (त्या जवानाला वर्गातील कोणीही प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते.) आपले वडील पहाटेच केळीच्या बागेत जातात आणि कापलेला घड खांद्यावरून ट्रकपर्यंत नेतात, हे तिने उभे राहून सर्वांना सांगितले. मॅडमनी तिला कोरा कागद दिला. तिने वडिलांपेक्षा घडच मोठा काढला.

परिसर अभ्यास हा स्वतंत्र विषय आपल्याकडे तिसरीपासून येतो. पहिलीत तो असाच चित्रांतून आणि गप्पांतून शिकवावा लागतो. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, सावदा-रावेरहून ती रेल्वेने दिल्लीपर्यंत गेली, आणि तिच्याच मुलखातील वर्गात ती कापणारा माणूस चित्रसंचात सापडू नये, हे मला दिवसभर खटकत राहिले. असे संच सर्वांसाठी एकच छापले जातात, हे समजते. पण त्यांत दोन-चार चौकटी कोऱ्या ठेवायला काय हरकत आहे?