नेहमीचा पेशंट

श्रावण, रात्रपाळीनंतर

रोवणीचे दिवस आले की आमच्या ग्रामीण रुग्णालयात सिकलसेलवाले वाढतात. दिवसभर बांधीत चिखलपाण्यात वाकून राहायचं, वरून पाऊस, आणि प्यायच्या पाण्याची आठवण कोणालाच नाही. थंडी, दमणूक, अंगातलं पाणी कमी होणं, यातलं एकही क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा झटका, यायला पुरेसं असतं. विळ्यासारख्या वाकलेल्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढची हाडं ठणकायला लागतात.

काल रात्री आलेला मुलगा एसएस पॅटर्नचा, म्हणजे आई-बाप दोघांकडून सिकलसेलचं जनुक आलेला, कॉलेजात जाणारा. वॉर्डात सगळे त्याला ओळखतात आणि माझी तक्रार तीच आहे. "नेहमीचाच हाये," असं कोणी म्हटलं की पुढचं ठरलेलं: सलाईन, इंजेक्शन, सकाळी सुट्टी. नव्या पेशंटला आपण डोक्यापासून पायापर्यंत तपासतो, नेहमीच्याला फाईलवरून. त्यात हा मोबाईल बघत पडलेला, म्हणजे फार दुखत नसावं असा सगळ्यांचा निष्कर्ष. लहानपणापासून दुखणं सोसलेली ही पोरं ओरडत नाहीत, कशात तरी मन गुंतवतात.

शून्य ते दहाची पट्टी आमच्याकडे फारशी चालत नाही. मी आणे विचारते. "रुपयातलं किती दुखतं?"

"चौदा आणे हाये जी, मॅडम. मांड्या अन् पाठ."

चौदा म्हणजे चौदा. त्यावर शंका घेणं माझं काम नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत पेशंट आल्यापासून ३० मिनिटांच्या आत वेदनाशामक द्या आणि आराम पडेपर्यंत दर ३० मिनिटांनी पुन्हा विचारा, असं आहे. डॉक्टरांच्या ऑर्डरने ट्रामाडॉल दिलं, गरम पाण्याची पिशवी दिली. बर्फ अजिबात नाही, थंडीने रक्तवाहिन्या आणखी आवळतात. आईला वाटत होतं डोळे पिवळे म्हणजे कावीळ, गावातलं औषध द्यावं का? "मावशी, याच्या लाल पेशी लवकर फुटतात म्हणून डोळे नेहमीच थोडे पिवळे असतात. ते औषध नका देऊ." मग तिला पाणी आणायला पाठवलं आणि लिंग ताठरून दुखतं का, ते त्याला एकट्याला विचारलं. पोरं लाजून सांगत नाहीत, आणि तसं चार तासांवर राहिलं तर कायमचं नुकसान होतं. नाही म्हणाला.

मध्यरात्री दुखणं आठ आण्यांवर आलं. एरवी इथेच सगळे निर्धास्त होतात. पण मी श्वास पूर्ण मिनिटभर मोजते, पंधरा सेकंदांचे चौपट करत नाही. आल्यावर २० होते, आता २८, तेही वरवरचे. ताप १०१. ऑक्सिजन ९६ वरून ९१. "छातीत चमक निघते का?" तर म्हणे, "खोल श्वास घेतला की निघते, पण ते काई एवढं नाई जी."

तेच एवढं होतं. ताप, छातीत दुखणं, वाढलेला श्वास, उतरलेला ऑक्सिजन: सिकलसेलमध्ये हे दिसलं की अक्यूट चेस्ट सिंड्रोमची, म्हणजे आजार फुप्फुसात उतरल्याची शंका घ्यायचीच, आणि त्यात जीव जाऊ शकतो. डॉक्टरांना उठवलं. ऑक्सिजन सुरू केला, उशा देऊन बसतं केलं, अँटिबायोटिक लागलं. सलाईनचा वेगही कमी झाला, कारण जास्त पाणी फुप्फुसात उतरतं. याला रक्त लागू शकतं आणि आमच्याकडे रक्तपेढी नाही, म्हणून १०८ बोलावली.

रेफर चिठ्ठीवर "सिकलसेल क्रायसिस" एवढंच लिहायची पद्धत आहे. मी वेळेसकट सगळे आकडे लिहिले, ट्रामाडॉल कधी दिलं ते, आणि मागच्या भेटीतलं हिमोग्लोबिन ७.८. नाहीतर तिथे आजच्या आकड्याची तुलना कशाशी करणार?

गाडीत बसता बसता आई म्हणाली, धाकटीला तर काहीच त्रास नाही, तिची कशाला तपासणी? आई-बाप दोघेही एएस, म्हणजे एकच सिकलसेल जनुक असलेले वाहक. त्रास नसला तरी मुलगी एएस असू शकते, आणि घरात स्थळांची बोलणी सुरू आहेत; नवराही एएस निघाला तर मूल एसएस होऊ शकतं. भाऊ परत आला की तिला घेऊन या म्हटलंय. आशाताईंनाही आज फोन करून त्यांच्या घराचं सांगून ठेवते.