सोळा फूट कमी

स्कॉटलंडमध्ये तीन हजार फुटांवरच्या डोंगराला मन्रो म्हणतात. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये अशा डोंगरांची यादी छापली आणि तेव्हापासून इथली माणसं ते गोळा करत सुटली आहेत, आपण शाळेत काड्यापेटीचे छाप गोळा करायचो तसे. सध्या यादीत २८२ आहेत. २०१२ मध्ये एक डोंगर नव्या मोजणीत जेमतेम दीड फुटाने कमी भरला, तर त्याचं नाव काढून टाकलं. खुद्द मन्रोसाहेबांचेही यादीतले सगळे डोंगर शेवटपर्यंत चढून झाले नाहीत, हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं.

जूनमधल्या एका शनिवारी आम्ही तिघं बेन लॉअर्स नावाच्या मन्रोवर गेलो. खाली टे नावाचं लांबच लांब सरोवर, वर ढग. सुरुवातीला कुंपण आणि त्याला दार. मेंढ्या-हरणांनी कोवळी रोपं खाऊ नयेत म्हणून ते घातलेलं, त्यामुळे आतमध्ये बर्चची झाडं उभी राहू लागलीत. दार लावून पुढे गेलं की मात्र झाड म्हणून नाही. नुसतं गवत, दगड, आणि बुटात शिरायला टपलेलं काळं पाणी.

दोन तास चढल्यावर धुक्यात दगडांचा छोटा ढीग दिसला. पुढे वाट उतरत होती. म्हणजे माथा! मी डबा उघडला. थालीपीठ गारठून पापडासारखं झालेलं, लसणाच्या चटणीतलं तेल थिजलेलं. फोटो झाले, एकमेकांच्या पाठी थोपटून झाल्या. तेवढ्यात एक आजोबा कुत्र्याला घेऊन आले, आमचा सोहळा पाहून थांबले आणि अगदी हळुवारपणे म्हणाले, की हा बेन ग्लास, लॉअर्स पुढचा. कुत्र्याने थालीपीठ हुंगलं आणि तोंड फिरवलं.

सह्याद्रीत वाटाड्याला ‘मामा, अजून किती?’ विचारलं की ‘हे काय, आलंच’ म्हणतो आणि पुढे तासभर चालवतो. त्या खोटेपणात माया असते. आजोबांनी पाऊण तास सांगितला आणि बरोबर पाऊण तासच लागला. त्यात आधी कमावलेली उंची उतरून घालवायची आणि पुन्हा चढायची, म्हणजे पगार झाल्याझाल्या हप्ता कापला जावा तसं.

लॉअर्सची उंची ३९८४ फूट. चार हजाराला सोळा कमी. ही सल एका गृहस्थांना इतकी लागली, की १८७८ मध्ये माणसं जमवून त्यांनी माथ्यावर वीस फुटांचा दगडी बुरूज रचला. नकाशा करणाऱ्यांनी तो मोजलाच नाही. आता तो उरलाही नाही. मला मात्र त्या माणसाबद्दल भलतीच आपुलकी वाटते. भिंतीवर पेन्सिलीने उंची मोजताना मीही टाचा उचलायचो, आणि बाबा खांद्यावर हात ठेवून खाली दाबायचे.

त्या माथ्यावर आम्ही उरलेला चहा प्यायलो. धुकं क्षणभर फाटलं आणि खाली खोल एक तळं दिसलं. त्याचं इथल्या गेलिक भाषेतलं नाव म्हणजे मांजरांचं तळं. शेपटी शोधेपर्यंत पडदा पडला. परतताना मैत्रीण हट्टाला पेटली म्हणून शेजारचा मील कोरानिच डोंगरही केला. त्याबद्दल सांगण्यासारखं फक्त माझे गुडघे आहेत.

गाडीशी पोचलो तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते आणि ऊन चांगलं लख्ख होतं. दुसऱ्या दिवशी आईला फोन केला.

“किती उंच होता?”

“१२१४ मीटर.”

“आणि त्यांचा सगळ्यात मोठा?”

“बेन नेव्हिस. १३४५.”

“आपण महाबळेश्वरला विल्सन पॉइंटला गेलो होतो, तो केवढा रे?”

मी शोधून पाहिलं. “१४३९.”

“तिथे गाडीने गेलो होतो,” आई म्हणाली. “आणि मक्याचं कणीससुद्धा मिळालं होतं.”