शेवटी दिसलेलं कार्ड

खेळात नव्या कार्डांचा सेट बाहेर पडला की त्याच आठवड्यात आमच्याकडे एक बैठक ठरलेली असते: कुठल्या कार्डाचे पंख छाटायचे, म्हणजे ते कमजोर करायचं. मी पुण्यातल्या एका गेम स्टुडिओत डेटाचं काम करतो. आमचा खेळ हार्थस्टोन या ऑनलाइन कार्डांच्या खेळाच्या वळणाचा. ३० कार्डांचा डेक, कार्ड खेळायला जो माना खर्चायचा तो दर टर्नला एकाने वाढत जाणार, समोरच्याचा हिरो संपवला की जिंकलात.

त्या वेळी बैठकीआधीच निकाल लागल्यासारखं वातावरण होतं. ‘तोफखाना’ नावाचं आठ मानाचं लेजंडरी, म्हणजे सगळ्यांत दुर्मीळ प्रकारचं, कार्ड होतं: तुमच्या बाजूला जितके मिनियन, म्हणजे उतरवलेले शिपाई, उभे, तितके तोफगोळे. तक्रारींचा पूर आला होता, आणि खेळल्यावरच्या विन रेटच्या यादीतही (कार्ड खेळलं गेलं त्या मॅचपैकी किती जिंकल्या) तोफखानाच पहिला. डिझाइन लीडने नऊ माना करण्याचा बदल लिहूनही ठेवला होता.

मला त्या यादीचाच राग आहे. आठ मानाचं कार्ड खेळायला आधी आठव्या टर्नपर्यंत जगावं लागतं. तोफखान्याला तर वर आपला बोर्डही मिनियननी भरलेला लागतो. ज्या मॅचमध्ये तो हातात नुसता कुजत पडला आणि मालक हरला, त्या मॅच या यादीत मोजल्याच जात नाहीत. जिंकायला चार धावा, हातात सात गडी, अशा वेळीच मैदानात उतरणाऱ्या फलंदाजाचा ‘संघ जिंकला’ असा हिशोब मांडला, तर तो जगात पहिला येईल.

म्हणून मी कार्ड खेळलं की नाही हे सोडून, ते हातात आलं की नाही यावर मॅच वेगळ्या केल्या. यातही एक खोच असते. मॅच लांबली की जास्त कार्डं हातात येतात, आणि झटपट मारणारा डेक लांबलेल्या मॅच बहुधा हरतो. त्यामुळे अशा डेकातलं प्रत्येक कार्ड आहे त्यापेक्षा वाईट दिसतं. तुलना करायची तर त्याच डेकातल्या शेजाऱ्यांशीच करावी. आणि सगळ्यांत स्वच्छ आकडा हवा असेल, तर मलिगनच्याही (सुरुवातीची नको ती कार्डं बदलून घेण्याच्या) आधी, पहिल्या वाटपात काय आलं ते बघावं. तिथे नुसतं नशीब असतं, खेळाडूची हुशारी मध्ये येत नाही. मॅच मात्र भरपूर लागतात. ४०० मॅचवर विन रेट पाचेक टक्के इकडे-तिकडे सहज हलतो. १०,००० झाल्या की एक टक्क्यावर येतो. सुदैवाने तेवढ्या जमल्या होत्या.

तोफखाना स्वतःच्याच डेकात सरासरीच्या खाली निघाला. पहिल्या हातात आला की लोक जास्त हरत होते. आणि वर कोण? ‘पखालवाला’. दोन मानाचा कॉमन, म्हणजे सर्रास मिळणारा, मिनियन, टर्न संपताना शेजारच्याला एक हेल्थ देणारा. खेळल्यावरच्या यादीत तो मधेच कुठेतरी हरवलेला होता, कारण सातव्या-आठव्या टर्नला हरत असतानाही लोक त्याला टाकायचेच. पहिल्या हातात आलेला पखालवाला मात्र मॅच फिरवत होता. तोफखान्याला जो भरलेला बोर्ड लागतो, तो हाच जिवंत ठेवायचा!

बैठकीत मी हार्थस्टोनमधल्या प्रिन्स केलेसेथची आठवण काढली. २०१७ च्या ऑगस्टमध्ये आलेलं दोन मानाचं लेजंडरी कार्ड. डेकात दोन मानाचं दुसरं काही नसेल, तर डेकातल्या सगळ्या मिनियनना एक-एक अटॅक आणि हेल्थ. कार्ड तेच, पण दुसऱ्या टर्नला पडलं की एक गोष्ट आणि नवव्याला पडलं की निराळीच. पहिली चाल तुमची असेल आणि ते पहिल्या वाटपात न आल्यास मलिगनमध्ये तिन्ही कार्डं बदललीत, तर दुसऱ्या टर्नपर्यंत एकुलतं कार्ड हाती येण्याची शक्यता २६ टक्क्यांच्या आसपास. लॉटरीच म्हणायची. आमचा पखालवाला तर डेकात दोन-दोन ठेवता येत होता.

लीडने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मग हे सगळे लोक काय खोटं रडतायत? पखालवाल्यावर तर एकाचीही तक्रार नाही.”

“हरताना शेवटचं कार्ड तोफखाना दिसतं, म्हणून शिव्या त्याला.”

“दिसतं म्हणजे किती वेळ दिसतं?” तिने तिथेच एक रेकॉर्ड झालेली मॅच लावली. सात मिनियन, सात तोफा. प्रत्येक तोफ वेगळी वळणार, वात पेटणार, धूर निघणार. समोरचा माणूस तिसऱ्या गोळ्यालाच मेलेला, उरलेले चार त्याने हात बांधून बघायचे. आर्टवाल्यांनी जीव ओतला होता त्या धुरात. ते खोलीत होते, म्हणून कोणी हसलं नाही.

प्रॉडक्ट मॅनेजर तोवर गप्प होता. त्याचा एकच प्रश्न: “पखालवाला कॉमन आहे ना?” बदललेलं कार्ड मोडणाऱ्याला बनवायची पूर्ण किंमत परत द्यायची, ही पद्धत आम्हीही पाळतो. हार्थस्टोनमध्ये कॉमन बनवायला ४० डस्ट (कार्डं मोडून मिळणारं खेळातलं चलन) लागते आणि लेजंडरीला १६००, त्यावरून त्याची काळजी समजेल. कॉमन म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला.

पॅचमध्ये पखालवाल्याची हेल्थ तीनावरून दोन झाली, आणि सगळ्या तोफा एकाच वेळी उडायला लागल्या. तोफखान्याच्या कार्डावरचा एकही आकडा हलला नाही. ‘गरिबाला का मारलं’ म्हणून दोन दिवस आरडाओरडा झाला. तोफखान्यावरच्या तक्रारी मात्र ओसरल्या, आणि हे माझ्या कुठल्याही टेबलातून निघालं नसतं. लीडने आता प्रत्येक नव्या कार्डाच्या रिपोर्टात ॲनिमेशन किती सेकंदांचं आहे, हा रकाना भरायला लावलाय. आर्टवाले तेव्हापासून माझ्याकडे जरा तिरकंच बघतात.