माँतेनचा मुतखडा आणि बाबांचा

जूनमध्ये, पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री, डाव्या कुशीतून जी कळ उठली ती थेट जांघेत उतरली. सोनोग्राफीत सात मिलिमीटरचा मुतखडा निघाला. बाबांनाही हाच आजार. फोंड्याच्या घरी आई रोज सकाळी त्यांच्यासाठी कुळथाचं पाणी उकळून ठेवायची. कळ आली की ते कमरेत वाकून तुळशीभोवती फेऱ्या मारत राहायचे. आम्हा तीन भावंडांत तो माझ्याच वाट्याला आला.

उशाशी फ्रेंच निबंधकार माँतेन होता, पाटोच्या ग्रंथालयातून आणलेला. बोर्दोजवळचा हा छोटा सरदार १५३३ साली जन्मला. पणजोबा व्यापारी, जहागीर त्यांनी १४७७ मध्ये विकत घेतलेली. १५७१ ला गढीच्या बुरुजात पुस्तकांमध्ये बसून त्याने स्वतःविषयी लिहायला घेतलं, आणि १५८० मध्ये निबंधांचे पहिले दोन खंड आले. दुसऱ्या खंडाच्या शेवटच्या निबंधावर मी अडकलो.

त्याच्या वडिलांना सदुसष्टाव्या वर्षी मुतखडा जडला, सात वर्षांनी त्यातच ते गेले. माँतेन तर त्या दुखण्याच्या पंचवीसहून अधिक वर्षं आधी जन्मलेला. मग वडील धडधाकट असताना ज्या थेंबातून आपण घडलो, त्यात ते दुखणं कुठे दडलं होतं? इतक्या भावंडांत आपल्यालाच का? हे तो विचारतो तेव्हा बाबांशी बोलल्यासारखं वाटतं मला.

१५८१ मध्ये तो इटलीत लुक्काजवळच्या झऱ्यांवर होता. पाणी किती प्यालो, किती बाहेर पडलं, रेती किती गेली, सगळं रोजनिशीत टिपलेलं. २४ ऑगस्टला खडा पडला, त्याचा आकारही लिहून ठेवला. सप्टेंबरमध्ये तिथेच त्याला पत्र मिळालं, की बोर्दोने त्याला महापौर निवडलं आहे. ती रोजनिशी पुढे गढीतल्या एका जुन्या पेटीत सापडली आणि १७७४ साली छापली गेली.

आमच्या माळ्यावर बाबांची जुनी कालनिर्णयं आहेत. परवा १९९४ चं काढलं. फेब्रुवारीच्या एका चौकोनात निळ्या शाईने लिहिलंय : ‘पाणी सहा तांबे. पहाटे पडला. कुळथाएवढा.’ आदल्या दोन दिवसांचं अक्षर वेडंवाकडं गेलंय. हे मात्र ओळीत, सरळ.