लिली अपडेट: दुधाळ कड आणि ४३ अंशांचं पाणी

लिलीच्या कंदाच्या खवल्यांपासून बाटलीत नवे कंद करतोय (टिश्यू कल्चर). मागच्या वेळी फोटो टाकलेल्या बाटल्यांपैकी निम्म्याहून जास्त गेल्या. दुसऱ्या सबकल्चरनंतर, म्हणजे ताज्या माध्यमावर (पोषक जेलीवर) हलवल्यावर, खवल्याच्या बुडाशी तीच ओळखीची दुधाळ कड, म्हणजे जिवाणू. बुरशी असती तर परवडली असती, ती चार दिवसांत तोंड दाखवते. हे जिवाणू खवल्याच्या आतच मुक्कामाला असतात. कंद जमिनीतला, त्यामुळे ७०% अल्कोहोल आणि ट्वीनचा (साबणासारख्या द्रवाचा) थेंब घातलेलं हायपोक्लोराइट (ब्लीच) फक्त बाहेरून धुतं.

सेफोटॅक्सिम हे प्रतिजैविक घाला, असं काहींनी सुचवलं होतं. मला पटत नाही. ते ऑटोक्लेव्हमध्ये (निर्जंतुक करणाऱ्या दाबाच्या वाफेत) टिकत नाही, म्हणजे गाळून कोमट माध्यमात घालायचं, आणि एवढं करून जिवाणू बऱ्याचदा नुसते दबतात. औषध काढलं की पुन्हा हजर.

म्हणून या खेपेला कंद सोलण्याआधी अख्खाच ४३ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवला. बादलीत तापमान धरत नाही, तेव्हा उद्यमनगरात थर्मोस्टॅट बसवलेली स्टीलची पेटी करून घेतली. कारागिरानं विचारलं, "इडल्या काढायच्यात काय?" मग बाहेरचे खवले टाकले, आतले घेतले, बुडाकडचा भाग ठेवला, आतली बाजू वर. माध्यम नेहमीचंच: एमएस (मुराशिगे-स्कूग हे पोषक क्षारांचं मिश्रण), साखर लिटरला ३० ग्रॅम, पीएच ५.८, एनएए (वनस्पती-संप्रेरक) अगदी थोडं.

नाद खुळा! ऐन पावसाळ्यात बाटल्या स्वच्छ, आणि खवल्याच्या बुडाशी मोहरीएवढे पांढरट फुगवटे, म्हणजे नवे कंद. दिवसातून चारदा टॉर्च मारून बघतोय. पुढच्या सबकल्चरपर्यंत टिकले तर खरं.

जाता जाता, माध्यम घट्ट करणाऱ्या अगारवर पैसे वाचवू नका. किराण्यातला चायना ग्रास दर पुडीला वेगळा घट्ट होतो.

पुढं साखर ६० ग्रॅमवर नेऊन हे नवे कंद फुगवायचे आणि फ्रिजमध्ये ५ अंशांना सहा-आठ आठवडे ठेवायचे, असा बेत होता. थंडी लागल्याशिवाय ते झोपेतून उठत नाहीत, आणि कोल्हापूरच्या हवेत तेवढी थंडी कुठली? पण हे लिहिताना वाटतंय, कंदाच्याच मागं का लागायचं? न उमललेल्या कळीचा आतला भाग बहुतेक वेळा निर्जंतुकच असतो. कळी बाहेरून अल्कोहोलनं पुसायची, निर्जंतुक हवेच्या हूडखाली उघडायची आणि पुंकेसराचे तंतू कापून थेट माध्यमावर. हायपोक्लोराइटचा मार नाही, गरम पाणी नाही.

तर साखरेचा प्रयोग थोड्याच बाटल्यांवर करतो, बाकीचं माध्यम कळ्यांसाठी राखून ठेवतो. लग्नसराई नसताना एशियाटिक लिलीच्या घट्ट, हिरव्या कळ्या शहरात कोणत्या फुलवाल्याकडे मिळतात? शीतगृहात आठवडाभर पडलेल्या नकोत.