काठ मोकळा हवा

ऑगस्टमध्ये केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात पर्यटकांचा गट घेऊन गेलं की आम्ही नाश्ता डब्यात भरूनच छावणी सोडतो. स्थलांतर करणारे कळप नदी ओलांडताना बघायचे तर मारा नदीच्या काठी किती तास बसावं लागेल, कुणीच सांगू शकत नाही. त्या दिवशी पलीकडच्या काठावर सकाळपासून विल्डेबीस्ट, म्हणजे गाईसारखे दिसणारे आफ्रिकी कुरंग, जमत होते. पुढे थोडे झेब्रे. एखादा पाण्यापर्यंत उतरायचा, वास घ्यायचा, बिचकून मागे फिरायचा. की अख्खा कळप धूळ उडवत पुन्हा वर.

आमच्या मसाई चालकाने गाडी बरीच मागे, झुडपांच्या आडोशाला लावली होती. इतर गाड्या मात्र थेट उताराच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. गटातले एक काका अस्वस्थ झाले. “ताई, इतक्या लांबून आलोय, आपणही पुढे घेऊ ना!” मी नाही म्हटलं. जनावरं जिथून वर चढणार तीच वाट अडवली, तर ती पाण्यात उतरतील कशी? झालंही तसंच. कळप वळला आणि नदीच्या वरच्या अंगाला निघून गेला. गाड्या त्याच्यामागे धावल्या. मला याचा फार राग येतो. फेब्रुवारीच्या आसपास टांझानियातल्या सेरेंगेटीच्या दक्षिणेला आखूड गवतात जन्मलेली वासरं पावसामागून शेकडो किलोमीटर चालत इथवर येतात, आणि आपण फोटोसाठी त्यांच्या आडवे जातो.

आम्ही जागीच थांबलो. दुपारी दुसरा कळप आला. आता काठ मोकळा होता. एकाने उडी घेतली आणि मग रांग तुटेचना. काही बुडाले, वाहून गेले. “यांना कुणी वाचवत का नाही?” काकांनी विचारलं. या नदीत वर्षाला सरासरी सहा हजारांवर विल्डेबीस्ट बुडतात; त्यांच्यावर गिधाडं, मराबू करकोचे, मगरी, मासे जगतात, हाडांतला फॉस्फरस वर्षानुवर्षं पाण्यात उतरत राहतो, हे मी सांगितलं. काकांचा चेहरा तसाच होता. माझाही दरवेळी होतो.

तेवढ्यात एक मादी आमच्या काठावर चढून थबकली. मागे वळून हंबरली आणि येणाऱ्या सगळ्यांच्या उलट पुन्हा पाण्यात शिरली. तिचं वासरू पलीकडेच राहिलं होतं. एवढ्या कल्लोळात त्याने तिचा आवाज ओळखला, काठाकाठाने धावत आलं आणि ती बाहेर पडताच तिच्या कासेला लागलं. त्या दिवशी ती दोघं अलीकडे आलीच नाहीत.

परतताना चालकाने वायरलेसवर चौकशी केली. सकाळचा कळप अजून पलीकडेच होता.